अनुदानाच्या हिशेबनिसाचा अर्ज

नोकरीचा अर्ज कसा लिहावा याविषयीं आजवर पुष्कळांनीं पुष्कळ सांगितलें आहे, आणि त्यांतलें बरेंचसें सर्व नोकऱ्यांना सारखेंच लागू पडतें. म्हणून तें मी पुन्हां सांगत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें एकाच जागेविषयीं. अरण्यें, पक्षी, कासवें, पाणथळ जागा यांच्या रक्षणाचें काम करणाऱ्या ज्या धर्मादाय संस्था आपल्याकडे आहेत, त्यांच्या कचेरींत अनुदानाचा हिशेबनीस म्हणून एक जागा असते. तिची जाहिरात अधूनमधून दिसते. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांची दृष्टि या जाहिरातीवरून बहुधा पुढें सरकते, आणि आपण होऊन सरकली नाहीं तर वडील मंडळी ती सरकवितात. पक्षी मोजणारांना हिशेबनीस कशाला लागतो, असें एका गृहस्थांनीं माझ्यासमोरच विचारलें होतें. प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचें उत्तर थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं.

मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं आठ जणांनीं मिळून काढली. त्या काळीं असल्या संस्थांचा संसार मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर चाले. पुढें डॉ. सालीम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी अंगावर घेतली, ती पगार न मागतां, केवळ खर्च मिळावा एवढ्या अटीवर. एका माणसाचा प्रवास, बैलगाडी, तंबू, शिधा. एवढ्या खर्चाला एक वही पुरे. आजचें काम तसें राहिलेलें नाहीं. वाघांची गणना करावयाची तर रानांत शेंकडों स्वयंचलित कॅमेरे बांधावे लागतात. किनाऱ्यावर अंडीं राखण्यासाठीं रात्रंदिवस माणसें ठेवावीं लागतात. जीपगाडी, डिझेल, विमा, संशोधकांचे पगार, गांवकऱ्यांची मजुरी, हें सर्व आलें. वर्गणींत तें भागत नाहीं. पैसा बाहेरून येतो, आणि जो पैसा बाहेरून येतो तो आपल्या अटी बरोबर घेऊन येतो.

सरकारकडून येणाऱ्या अनुदानाची अट निराळी. केंद्र सरकारचें अनुदान बँकेंत पडून राहिलें आणि त्यावर व्याज जमलें, तर तें व्याज संस्थेचें नव्हे. तें सरकारजमा करावें लागतें. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आंत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावें लागतें. दुसरा झरा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचें बंधन घातलें, आणि तें १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. त्या कार्यांच्या यादींत वनस्पति व प्राणी यांचें रक्षणहि आहे. तिसरा झरा परदेशांतील देणग्यांचा, आणि येथें हिशेबनिसाची खरी परीक्षा होते. या देणग्यांसाठीं २०१० सालचा स्वतंत्र कायदा आहे. तो २०२० सालीं अधिक कडक झाला. परदेशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांतच यावी; ती देशी पैशांत मिसळूं नये; एका संस्थेनें ती दुसऱ्या संस्थेला देऊं नये; आणि व्यवस्थापनावर तिचा वीस टक्क्यांहून अधिक भाग खर्च होऊं नये, असे निर्बंध आतां त्या कायद्यांत आहेत. पूर्वी ही मर्यादा पन्नास टक्क्यांची होती. यांतली एक गंमत अर्जदारानें ध्यानांत ठेवावी. रानांत हिंडून माहिती गोळा करणाऱ्या संशोधकाचा पगार व्यवस्थापनाच्या खर्चांत धरला जात नाहीं, परंतु कचेरींत बसून हिशेब लिहिणाराचा धरला जातो. म्हणजे या वीस टक्क्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करावयाचा तो ज्यानें, त्याचा स्वतःचा पगारहि त्याच वीस टक्क्यांत!

हें सर्व ऐकून एखादा पदवीधर घाबरून जाईल कीं, आपणांस असलें कांहीं येत नाहीं. माझा अनुभव उलट आहे. हें काम आपल्या घराघरांत चालतें. आपली आई दर महिन्याला आलेला पैसा चार डब्यांत ठेवीत असे. दुधाचा पैसा दुधाच्या डब्यांत, लग्नकार्याचा निराळा, दुखण्याखुपण्याचा निराळा. वाण्याची उधारी थकली तरी लग्नाच्या डब्याला ती हात लावीत नसे. लावावाच लागला तर आधीं वडिलांच्या कानावर घालीत असे. अनुदानाचा हिशेब म्हणजे हेच डबे. मी जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलांना गणित शिकविलें आणि त्याबरोबर शाळेचे हिशेबहि लिहिले. पोषण आहाराच्या तांदुळाची नोंदवही निराळी, इमारतीच्या दुरुस्तीचें अनुदान निराळें, सादिल खर्च निराळा. दुरुस्तीच्या पैशांतून खडू आणतां येत नसत आणि सादिलांतून भिंत बांधतां येत नसे. व्यापारी पेढींत नफा किती झाला हें विचारतात; येथें ज्यासाठीं पैसा दिला त्यासाठींच तो गेला का, हें विचारतात. एवढा फरक मनांत पक्का बसला म्हणजे बाकीचें शिकतां येतें.

आमच्या शेजारीं एक मुलगी आहे. वाणिज्य शाखेची पदवीधर. एका सार्वजनिक न्यासाच्या दवाखान्यांत तीन वर्षें हिशेब लिहीत होती. तिनें अशी एक जाहिरात पाहिली आणि अर्ज लिहून माझ्याकडे दाखवावयास आणला. इंग्रजी शुद्ध होतें, अक्षरें टंकित असल्यामुळें सुबक होतीं. पण पानभर मजकुरापैकीं पाऊण पान निसर्गाच्या आवडीनें भरलेलें होतें. लहानपणीं आजोळीं पाहिलेले मोर, सह्याद्रींतील सहली, पृथ्वी वांचली पाहिजे हा कळवळा. हिशेबाविषयीं शेवटीं दोन ओळी होत्या, त्याहि अशा कीं कोणाच्याहि अर्जांत शोभाव्या.

मीं विचारलें, "दवाखान्यांत तूं काय करीत होतीस?"

"कांहीं विशेष नाहीं, गुरुजी. पावत्या, बँकेचा ताळमेळ, लेखापरीक्षणाची तयारी."

"देणग्या येत असत?"

"येत ना. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठीं एक देणगी दरवर्षीं येई. ती मी वेगळ्या खात्यांत ठेवीत असें. किती रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि किती पैसा लागला, तें देणगीदारांना तीन महिन्यांनीं कळवावें लागे."

"वर्षाअखेर पैसा उरला तर?"

"तो नफ्यांत धरीत नसूं. पुढच्या वर्षासाठीं देणें म्हणून ताळेबंदांत दाखवीत असूं."

श्रोतेहो, संस्थेला जें हवें होतें तें हेंच होतें, आणि तेंच अर्जांत नव्हतें. तिला तें विशेष वाटत नव्हतें, कारण तें ती रोज करीत होती. अर्ज लिहितांना बहुतेक तरुणांचें असें होतें. जें सहज येतें तें त्यांना सांगण्यासारखें वाटत नाहीं, आणि जें केवळ मनांत आहे तें मात्र ते पानभर सांगतात. मीं मोरांना रजा दिली. त्यांच्या जागीं तिनें लिहिलें कीं, महिन्याला सुमारें किती पावत्या तिच्या हातून जात, किती देणग्यांचीं खातीं ती वेगळीं ठेवी, लेखापरीक्षकानें कोणती शंका काढली होती आणि ती कशी फिटली, टॅली व एक्सेल यांपैकीं कशावर काय केलें. निसर्गाच्या आवडीचें एकच वाक्य ठेवलें. तें ठेवूं नये असें माझें मत नव्हतें. संस्थेच्या कामाविषयीं अनास्था असलेला हिशेबनीस तेथें टिकणार नाहीं. पण आवड ही नोकरीवर गेल्यानंतर दाखविण्याची वस्तु आहे.

आणखी एक ओळ मीं तिला आग्रहानें घालावयास लावली. मराठी हस्ताक्षर वाचतां येतें, ही. तिला हंसूं आलें. परंतु विचार करा. देणगीदाराला जाणारा अहवाल इंग्रजींत असतो, पण ज्या पावत्यांवर तो उभा राहतो त्या वाडीवस्तीवरच्या असतात. होडीवाल्याचें भाडें, भाकऱ्या करून देणाऱ्या बाईचे पैसे, बांबू आणि जाळी. छापील बिलबुक तेथें कोणाकडे असणार? साध्या कागदावर दोन ओळी, खालीं सही किंवा आंगठा आणि साक्षीदाराचें नांव. तो कागद वाचणें, त्यांत तारीख राहिली असेल तर ती त्याच आठवड्यांत मागून घेणें, आणि कोणत्या अनुदानांतून तो पैसा गेला त्याचा शिक्का त्यावर मारणें. हा शिक्का फार महत्त्वाचा. तो नसेल तर एकच पावती आज एका देणगीदाराला आणि उद्यां दुसऱ्याला दाखविली जाण्याचा संभव असतो. आणि मग ती चूक होती कीं लबाडी, हें सिद्ध करतां करतां संस्थेचें नांव जातें.

अर्ज करण्यापूर्वीं त्या संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद वाचावा. सार्वजनिक संस्थांचे हिशेब पाहावयास मिळतात. पुष्कळ संस्था ते आपण होऊन प्रसिद्ध करतात. पैसा कोठून येतो, त्यांतला किती अटींनीं बांधलेला आहे आणि किती मोकळा आहे, हें पाहावें. बांधलेला पैसा कोटींत असेल आणि मोकळा सर्वसाधारण निधि कांहीं हजारांत, तर ती संस्था थोर काम करीत असूनहि एका पत्रावर अडून पडूं शकते. त्याचप्रमाणें संस्थेचें काम कसें चालतें तेंहि थोडें जाणून घ्यावें. वाघाच्या गणनेंत एकाच जागीं समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. कां? तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. दोन्ही बाजूंचें छायाचित्र हवें. हें ज्याला ठाऊक नाहीं असा हिशेबनीस, एकाच जागीं दोन कॅमेऱ्यांचा खर्च कां, असा ताशेरा ओढून मोकळा होतो आणि संशोधक कपाळाला हात लावतात. वर्षांतून एकदां तरी रानांत जाऊन येण्याची तयारी आहे, असें अर्जांत लिहिलें तर तें वायां जात नाहीं.

आतां मुलाखतीविषयीं. या मुलीला बोलावणें आलें. संस्था किनाऱ्यावरील कासवांचें काम करणारी. कोकणांत हें काम २००२ सालापासून विशेष नांवारूपास आलें. वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन तें सुरू केलें, आणि पुढें इतर गांवांनींहि तें उचललें. समुद्रकासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्रीं वाळूंत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि परत जाते. राखणदार तीं अंडीं कोल्हेकुत्र्यांपासून वांचविण्यासाठीं जाळीच्या कुंपणांत हलवितात. पिलें बाहेर यावयास पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटीं घातलेलीं अंडीं एप्रिलांत फुटतात. आणि आपलें हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतें! निसर्गाला आपली मार्चअखेर ठाऊक नसते. या एका गोष्टींत या नोकरीची सगळी अडचण सांठलेली आहे, आणि तिला प्रश्नहि यावरच घातला गेला.

प्रश्न असा. आज १० मार्च आहे. एका कंपनीचें अनुदान ३१ तारखेस संपतें. सहा राखणदार आहेत, प्रत्येकाला दरमहा १२,००० रुपये, म्हणजे महिन्याचे ७२,००० रुपये. कुंपणांत अजून घरटीं आहेत, म्हणून त्यांना एप्रिल आणि मे असे दोन महिने ठेवावें लागेल; त्यास १,४४,००० रुपये लागतील. मजुरीच्या सदरांत मार्चनंतर कांहींच उरत नाहीं. होडीभाड्याच्या सदरांत मात्र ४,००,००० पैकीं १,६०,००० शिल्लक आहेत. एका सदराच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम न विचारतां दुसऱ्या सदरांत नेतां येईल, असें करारांत आहे. समितीपैकीं एका वृद्ध गृहस्थांनीं पुढें म्हटलें, "होडीवाला आपल्या ओळखीचा आहे. तो मार्चची दीड लाखाची पावती देईल, तें पैसे आपण राखणदारांना वांटूं. पैसा कोणाच्या खिशांत जात नाहीं, पिलेंहि वांचतात. तुम्ही काय करतां?"

हा प्रश्न सोपा नाहीं, श्रोतेहो. कुंपण सोडून राखणदार घरीं गेले तर त्या रात्रींच कुत्रीं घरटीं उकरतात. पुन्हां ती सूचना करणारा मनुष्य वयानें वडील, हेतूनें शुद्ध, आणि नोकरी देणारा. अशा वेळीं नाहीं म्हणतांना जीभ अडखळते.

तिनें म्हटलें, "जी होडी चाललीच नाहीं तिची पावती मी दप्तरीं लावणार नाहीं. पण दहा तारीख असेल तर एकवीस दिवस हातांत आहेत. दहा टक्क्यांप्रमाणें चाळीस हजार हलवितां येतील, तरी १,०४,००० कमी पडतात. आणि हलविले तरी ३१ मार्चनंतर त्यांतला रुपयाहि खर्चतां येणार नाहीं. म्हणून सदर बदलण्याची परवानगी आणि अधिक पैसा न मागतां दोन महिन्यांची मुदतवाढ, अशा दोन्ही गोष्टी मागणारें पत्र आजच कंपनीला जावें. त्यांनाहि चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत निराळ्या खात्यांत घालावी लागते, तेव्हां त्यांनाहि हें आधीं कळलेलें हवें असेल. पत्राबरोबर घरट्यांची यादी आणि प्रत्येकाची अंडीं फुटण्याची अदमासें तारीख जोडूं. उत्तर येईपर्यंत एप्रिलचे बहात्तर हजार आपल्या सर्वसाधारण निधींतून, समितीच्या ठरावानें, द्यावे." आणि मग तिनें विचारलें, "आपल्या अहवालांत तो निधि मीं पाहिला. त्यांतून एवढी रक्कम निघूं शकेल असें वाटतें. गेल्या वर्षानंतर तो कमी तर झाला नाहीं ना?"

समितीचे लोक एकमेकांकडे पाहूं लागले. निधि किती आहे, तें त्यांच्यापैकीं एकालाच ठाऊक होतें.

या मुलीच्या वडिलांचा आक्षेप मात्र निराळा होता, आणि तो मी खोटा मानीत नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, ही नोकरी अनुदानाबरोबर येणार आणि अनुदानाबरोबर जाणार. त्यापेक्षां दवाखाना काय वाईट?" खरें आहे. असल्या जागा बहुधा मुदतीच्या असतात. पगारहि व्यापारी कंपनीपेक्षां पुष्कळदां कमी असतो, आणि संस्थेचें काम पवित्र आहे म्हणून हिशेबनिसानें अर्धपोटीं राहावें, ही अपेक्षा मला मुळींच मान्य नाहीं. पवित्र कामाच्या नांवाखालीं रविवारीं राबविणाऱ्या संस्थाहि मीं पाहिल्या आहेत. म्हणून मुलाखतींत शेवटीं आपणांस कांहीं विचारावयाचें आहे का असें म्हणतील, तेव्हां संकोच धरूं नये. माझा पगार कोणत्या अनुदानांतून निघणार, तें कधीं संपतें, संपल्यावर काय, भविष्यनिर्वाह निधि आहे का, आणि माझ्या आधींचा हिशेबनीस कां गेला, हे प्रश्न सरळ विचारावे. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कान देऊन ऐकावें.

तिनें ते विचारले. पगार तीन अनुदानांत विभागलेला होता. त्यांतलें एक अठरा महिन्यांनीं संपणारें, दुसरीं दोन अधिक मुदतीचीं. आधींचे हिशेबनीस म्हातारपणामुळें निवृत्त झाले होते आणि आठवड्यांतून दोन दिवस येऊन शिकविण्यास तयार होते. हें ऐकल्यावर वडिलांचा विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा अजून आहे. नेमणुकीचें पत्र हातीं आल्यावर तिनें दवाखान्याला रीतसर एक महिन्याची सूचना दिली, मोतीबिंदूच्या देणगीचें खातें शेवटच्या पावतीपर्यंत जुळवून नव्या माणसाच्या स्वाधीन केलें, आणि मग ती तेथें रुजू झाली. अर्जाबरोबर जोडलेल्या प्रमाणपत्रांच्या प्रती मात्र तिनें माझ्याच घरीं विसरल्या आहेत. त्या नेण्यासाठीं रविवारीं येईन असें तिनें कळविलें आहे.